होम आर्केड मशीनचा पॉवर सप्लाय सारखा सारखा का जातो? खरं कारण असं शोधा

घरी आर्केड कॅबिनेट बनवणाऱ्यांची संख्या आता आपल्याकडेही वाढतेय. कोणी सुताराकडून प्लायवूडचं कॅबिनेट करून घेतं, कोणी बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं जुनं मशीन उचलतं, कोणी रास्पबेरी पाय आणि जुन्या एलसीडीवर काम भागवतं. मशीन सुरू झालं की घरात जत्रा भरते. आणि मग काही महिन्यांनी एक दिवस बटण दाबलं की काहीच होत नाही. स्क्रीन काळी, मार्की अंधारात. सप्लाय गेला.

एकदा गेला तर ठीक आहे, वस्तू आहे, जाणारच. पण नवीन लावला आणि तोही गेला तर? माझ्याकडे एका वर्षात तीन सप्लाय गेले. पहिला पाच महिन्यांनी, दुसरा तीन महिन्यांनी, तिसरा तर दीड महिन्यात. दर वेळी मी "स्वस्तातला होता म्हणून गेला" असं म्हणून थोडा महागाचा आणला. तिसऱ्यानंतर डोक्यात प्रकाश पडला की सप्लाय आपोआप मरत नाहीये, माझं मशीन त्याला मारतंय. दुसरा सप्लाय गेला की तिसरा विकत घेण्याआधी थांबायचं आणि मारणारा कोण ते शोधायचं. तो कसा शोधायचा, तेच आज सविस्तर बघू.

आर्केडचा पॉवर सप्लाय म्हणजे काय?

तुमच्या मोबाईलचा चार्जर आणि आर्केडचा सप्लाय एकाच घराण्यातले आहेत. दोन्ही एसएमपीएस. भिंतीतली २३० व्होल्ट एसी आधी डीसी होते, मग ती खूप वेगाने चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टेजवर आणली जाते. फरक इतकाच की चार्जर एकच व्होल्टेज देतो आणि आर्केडचा सप्लाय एकाच वेळी तीन देतो: गेम बोर्डसाठी ५ व्होल्ट, आवाज आणि दिव्यांसाठी १२ व्होल्ट आणि काही जुन्या बोर्डांच्या ऑडिओसाठी मायनस ५ व्होल्ट. जाळीदार पत्र्याचा डबा, एका बाजूला स्क्रूच्या टर्मिनलची रांग आणि कोपऱ्यात 'एडीजे' लिहिलेला छोटासा फिरवायचा पॉट. हा पॉट लक्षात ठेवा, या गोष्टीतला व्हिलन तोच आहे. म्हणजे खरं तर तो फिरवणारा मी.

हात लावण्याआधी हे वाचाच

सप्लायच्या आत मुख्य कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असते. प्लग काढल्यावरही ती काही वेळ तशीच राहू शकते. म्हणून सप्लायचं झाकण उघडायचं नाही. खाली सांगितलेल्या आपल्या सगळ्या चाचण्या बाहेरून, कमी व्होल्टेजच्या बाजूने होतात. त्यासाठी तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो.

मशीनमध्ये जुना सीआरटी मॉनिटर असेल तर त्याच्या मागे हात घालू नका. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते टिकतात. ते काम जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आहे. असे लोक अजून सापडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली तर कोणी ना कोणी पत्ता देतं.

सप्लाय खरंच मेला आहे की फक्त थांबला आहे?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि चांगला सप्लाय भंगारात देतात. बऱ्याच सप्लायमध्ये संरक्षण असतं. बाहेर कुठे शॉर्ट झाला किंवा लोड जास्त झाला की तो स्वतः बंद होतो. काही सप्लाय बंद होतात, परत प्रयत्न करतात, परत बंद होतात. तेव्हा आतून बारीक "टिक... टिक... टिक" असा आवाज येतो आणि हिरवा दिवा लुकलुकतो. हा आवाज आला तर आनंद माना. सप्लाय जिवंत आहे आणि तुम्हाला सांगतोय की बाहेर काहीतरी गडबड आहे.

मग काय करायचं? प्लग काढा. पाच मिनिटं थांबा. टर्मिनलवरच्या आउटपुटच्या सगळ्या वायर सोडवा, पण सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नंतर "पिवळी कुठे होती, लाल कुठे होती" असं होतंच. आता सप्लाय एकटा चालू करून ५ आणि १२ व्होल्ट येतात का ते बघा.

व्होल्टेज आलं म्हणून लगेच "सप्लाय ओके" म्हणू नका. रिकामा सप्लाय खोटं बोलतो. कमजोर झालेला सप्लायही लोड नसताना मस्त ५.०० दाखवतो, आणि काही सप्लाय उलट थोडा लोड असल्याशिवाय नीट चालतच नाहीत. त्यासाठी गॅरेजवाल्याकडून गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणा. १२ व्होल्टवर लावला की तो पावणेदोन अँपिअर घेतो. तोच बल्ब ५ व्होल्टवर मंद पिवळट पेटतो, तरी साधारण एक अँपिअर ओढतो. दोन बल्ब घेऊन एक इथे, एक तिथे लावा, पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि मीटरवर नजर ठेवा. बल्ब खूप तापतात, प्लायवूडवर ठेवू नका. व्होल्टेज स्थिर राहिलं तर सप्लाय ठीक आहे आणि गुन्हेगार कॅबिनेटमध्येच आहे. हळूहळू खाली घसरलं किंवा दहा मिनिटांनी बंद पडलं तर सप्लाय कमजोर झालाय.

काहीच आलं नाही, टिकटिकही नाही, तर प्लग काढून मोबाईलची टॉर्च जाळीतून आत मारा. कपॅसिटरचा वरचा पत्रा सपाट असायला हवा. तो फुगलेला असेल किंवा वर तपकिरी चिकट काहीतरी दिसत असेल तर तो उष्णतेने गेला. कपॅसिटर ठीक दिसतात पण आतला काचेचा फ्यूज आरपार काळा झालाय, तर आत जोरदार शॉर्ट झालाय आणि बहुतेक वेळा त्याचं कारण मेन लाइनकडून आलेलं असतं. म्हणजे मेलेला सप्लायही कोणत्या दिशेने मार बसला ते सांगून जातो. म्हणून तो लगेच फेकू नका.

आणि हो, आपल्याकडची जुनी सवय: फ्यूज उडाला की तिथे तांब्याची तार बांधायची. इथे तसं केलं तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी प्लायवूड पेटेल.

दुरुस्तीवाल्याकडे नेलात तर त्याला "सिरीज लॅम्पवर लावून बघा" असं सांगा. ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा फिलामेंटवाला बल्ब मेन लाइनच्या सिरीजमध्ये लावतात. सप्लाय आतून शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पुढचा स्फोट वाचतो. सप्लाय बरा असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. यासाठी एलईडी बल्ब चालत नाही. हे काम माहीतगार माणसाच्याच हातून करून घ्या.

मुख्य संशयित: वायर आणि कनेक्टर

आता माझ्या मशीनची गोष्ट सांगतो, कारण या एका गोष्टीत निम्मा लेख आहे.

माझ्याकडे जुना, सेकंडहँड जामा बोर्ड आहे. जामा म्हणजे १९८५ साली जपानमधल्या आर्केड उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली वायरिंगची पद्धत. बोर्डाच्या कडेला ५६ संपर्क असतात, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. त्यावर एक लांब कनेक्टर बसतो. पहिल्या दोन पिन ग्राउंड, ३ आणि ४ वर ५ व्होल्ट, ५ वर मायनस ५, ६ वर १२ व्होल्ट. मागच्या बाजूलाही तसंच. थोडक्यात, ५ व्होल्टसाठी चार पिन दिल्यात आणि ग्राउंडसाठी दोन्ही टोकं मिळून आठ. इतक्या पिन हौस म्हणून दिलेल्या नाहीत. करंट जास्त असतो म्हणून तो वाटून जावा, यासाठी त्या आहेत. जुने बोर्ड ५ व्होल्टवर सहज ३ ते ५ अँपिअर घेतात.

मी हार्नेस स्वतः बनवला होता. घरात पडलेली बारीक वायर वापरली, साधारण ०.५ स्क्वेअर एमएमची, आणि ५ व्होल्टला एकच पिन जोडली. चालतंय ना, मग झालं! पण खेळताना मध्येच बोर्ड रीसेट व्हायचा. मीटर लावला तर सप्लायवर ५.०२ व्होल्ट. पण बोर्डावर मोजलं तेव्हा ४.५८. जुन्या टीटीएल चिप्सना ४.७५ ते ५.२५ मध्येच व्होल्टेज लागतं, त्यामुळे बोर्ड रीसेट होणं साहजिक होतं.

मधले ०.४४ व्होल्ट कुठे गेले? साधा हिशोब आहे. त्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.०३६ ओहम. जायला दीड मीटर, यायला दीड मीटर, एकूण तीन मीटर, म्हणजे ०.११ ओहम. करंट ४ अँपिअर. गुणाकार केला की ०.४४ व्होल्ट वायरमध्येच संपतात आणि त्यांची उष्णता होते. मोबाईलला लोकल केबल लावली की चार्जिंग कासवासारखं होतं, ते याच कारणाने.

यावर मी काय केलं? तो एडीजे पॉट फिरवला. सप्लायवर ५.४५ केले, बोर्डावर ५.०१ आले, रीसेट बंद. मला वाटलं जिंकलो.

इथेच तो सप्लाय मेला, फक्त मला पाच महिन्यांनी कळलं. स्वस्त सप्लायमध्ये नियंत्रण फक्त ५ व्होल्टवर असतं आणि बाकीचे आउटपुट त्याच्या मागोमाग जातात. ५ वाढवले तसे १२ चे १३ झाले. त्या १२ वर मी मार्की आणि बाजूंसाठी तीन मीटर एलईडी स्ट्रिप लावली होती. पट्टी आधीच सप्लायच्या क्षमतेपेक्षा जास्त ओढत होती, १३ वर आणखी ओढायला लागली. सप्लाय तापला, कपॅसिटर सुकत गेले, आउटपुट घसरलं, बोर्ड परत रीसेट व्हायला लागला, आणि मी पॉट अजून थोडा फिरवला. पुढचे दोन सप्लाय तर मी पहिल्या दिवसापासूनच ५.४५ वर लावले! मधल्या काळात कनेक्टरची ती एकटी पिन तापून काळी पडली होती. तिचा रेझिस्टन्स वाढला, म्हणून तिसऱ्याला आणखी वर न्यावं लागलं. प्रत्येक सप्लाय आधीच्यापेक्षा लवकर का गेला, याचं उत्तर हे असं सरळ होतं.

ही चूक माझ्या एकट्याची नाही हे नंतर वाचून कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. १९८० च्या पॅक-मॅन मशीनमध्ये बोर्डाला वीज कडेच्या कनेक्टरमधूनच जाते आणि तिथले जळून तपकिरी झालेले कनेक्टर ही त्या मशीनची ओळखच झाली आहे. अटारीने त्या काळात वेगळा उपाय केला होता: बोर्डावर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले ते मोजणाऱ्या वेगळ्या 'सेन्स' वायर रेग्युलेटरपर्यंत आणल्या होत्या. कल्पना छान. पण कनेक्टर मळला की बोर्डावर कमी व्होल्टेज दिसायचं आणि ते भरून काढायला रेग्युलेटर स्वतःच आउटपुट वर ढकलायचा आणि तापायचा. मी जे हाताने करत होतो तेच तो सर्किटने करत होता.

तुमच्या मशीनमध्ये हे शोधायची सोपी पद्धत सांगतो. मशीन चालू असताना, गेम सुरू असताना मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. एक प्रोब सप्लायच्या ५ व्होल्ट टर्मिनलवर, दुसरा बोर्डावरच्या ५ व्होल्टवर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढं व्होल्टेज रस्त्यात हरवतंय. मग तसंच ग्राउंडसाठी करा: एक प्रोब सप्लायच्या ग्राउंडवर, एक बोर्डाच्या ग्राउंडवर. ग्राउंडकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण करंट जितका जातो तितकाच परत येतो. दोन्ही मिळून ०.१५ व्होल्टच्या वर गेले तर वायरिंग सुधारायला घ्या. प्रोब धरताना सप्लायच्या एसीच्या टर्मिनलला चुकूनही लागू देऊ नका. ते त्याच रांगेत असतात. त्यावर प्लॅस्टिकचं झाकण नसेल तर आधी बसवा.

सुधारणा काही अवघड नाही. १.५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, ५ व्होल्टच्या चारही पिन वापरा, ग्राउंडच्याही सगळ्या वापरा. सप्लाय बोर्डाच्या जवळ आणा. काळी पडलेली पिन साफ करत बसू नका, तिच्यातला स्प्रिंगचा ताण गेलेला असतो, कनेक्टरच बदला. बोर्डाची सोनेरी कड खोडरबराने हलकेच घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कनेक्टर बसवताना ७ नंबरची पिन जिथे असायला हवी तिथे अडकणारी की बघा, उलटा बसला तर सप्लायबरोबर बोर्डही जाऊ शकतो. हे सगळं झाल्यावर पॉट कमीत कमीवर आणा आणि मग बोर्डावर मोजत मोजत ५.०० ते ५.०५ वर थांबा. सप्लायवर मोजून पॉट कधीच सेट करायचा नाही.

शॉर्ट असेल तर

लोड लावला की टिकटिक आणि काढला की ठीक, असं होत असेल तर एकेक गोष्ट परत जोडत जा: आधी फक्त बोर्ड, मग अँप्लिफायर, मग दिवे. प्रत्येक वेळी प्लग काढूनच जोडायचं. ज्याने सप्लाय बसला तो सापडला. जुन्या बोर्डावर ठिपक्यासारखे टँटलम कपॅसिटर असतात, ते शॉर्ट होण्यासाठी बदनाम आहेत. बोर्ड वेगळा काढून १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मीटरने बीप वाजला तर संशय आधी त्यांच्यावर घ्या.

आणि कंट्रोल पॅनेलचा बिजागरीजवळचा भाग नक्की बघा. पॅनेल उघडलं की मशीन मस्त, बंद केलं की बंद! वायर पॅनेलमध्ये चिमटत असते. या एका कारणासाठी लोकांनी बोर्ड बदललेत.

एलईडीचा हिशोब

सगळ्यांना आरजीबी झगमगाट हवा असतो. मीटरला ६० दिवे असलेली ५०५० स्ट्रिप मीटरमागे सुमारे १४.४ वॅट खाते, म्हणजे १२ व्होल्टवर १.२ अँपिअर. तीन मीटर म्हणजे ३.६ अँपिअर. माझ्या सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर ३ अँपिअर लिहिलं होतं, आणि स्वस्त सप्लायच्या लेबलवर मी आता फारसा विश्वास ठेवत नाही. लोक लेबलवरचे एकूण वॅट बघतात, पण प्रत्येक आउटपुटची मर्यादा वेगळी असते. ५ व्होल्टला १५ अँपिअर मिळतात म्हणून ते १२ ला उधार मिळत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे दिव्यांना स्वतःचा वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्यायचा. दिवे गेले तर गेम तरी चालू राहील.

उष्णता

कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्धं होतं. १०५ अंशांवर २,००० तास लिहिलेला कपॅसिटर ७५ अंशांवर १६,००० तास जाईल आणि ९५ वर फक्त ४,०००. शिवाय अनेक चांगल्या सप्लायच्या डेटाशीटमध्येही साधारण ५० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमता दिलेली असते, त्यापुढे ती कमी होत जाते. आता जळगाव किंवा नागपूरचा मे महिना आठवा. बाहेरच ४३-४४ अंश, आणि सप्लाय बंद प्लायवूडच्या पेटीत, मॉनिटरच्या खाली, भिंतीला चिकटून.

खाली हवा आत येण्यासाठी आणि मागे सगळ्यात वर बाहेर जाण्यासाठी अशी दोन भोकं करा, वरच्या भोकाला १२० मिलिमीटरचा पंखा लावा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. भोकांना बारीक जाळी हवीच. पावसाळ्यात उबेला पाल आणि झुरळं आत शिरतात आणि सप्लायमध्ये पाल शॉर्ट होऊन मेलेली सापडणं ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही.

घरातली वीज कशी आहे?

फ्यूज काळा झालेले सप्लाय जास्त करून इथले असतात. लाइट गेली-आली-गेली असं होतं तेव्हा मशीनचं बटण बंद करा. सप्लायमध्ये सुरुवातीचा करंटचा झटका अडवणारा थर्मिस्टर असतो, तो थंड असतानाच काम करतो. लगेच परत चालू केलं की तो गरम असतो आणि पूर्ण झटका आत जातो. त्यामुळे बंद केल्यावर एखादं मिनिट थांबूनच चालू करायची सवय लावा. घरच्या लहानांना हे पटवणं अवघड आहे, मला माहितीये.

घरात काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद होत असतील, पंखा अचानक जोरात फिरत असेल, तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. तीन फेजच्या इमारतीत अशा वेळी तुमच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपासही येऊ शकतात. मेन स्विच बंद करून वीज कंपनीला आणि वायरमनला बोलवा. तिथे आर्केडच नाही, फ्रिज-टीव्हीचाही प्रश्न आहे. सर्ज प्रोटेक्टर क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, असं सतत चढलेलं व्होल्टेज तो फार वेळ पेलत नाही.

परदेशातून आलेला किंवा जुना सप्लाय असेल तर बाजूचा लाल स्विच बघा. ११५ वर ठेवून २३० दिले तर पहिल्याच सेकंदाला मोठा आवाज होतो. हा स्विच २३० वर करून त्यावर टेप चिकटवा.

अर्थिंग: इथे चालढकल नको

माझ्या मावशीचा मुलगा अनवाणी उभा राहून खेळत होता. कॉइन डोअरच्या स्क्रूला हात लागला आणि म्हणाला, "दादा, मुंग्या येतायत." मी हसण्यावारी नेलं. नंतर मोजलं तर त्या पत्र्यावर अर्थच्या तुलनेत १०० व्होल्टच्या वर होते.

हे का होतं? एसएमपीएसमध्ये मेन लाइनच्या दोन्ही वायरींपासून पत्र्याच्या बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ जोडलेला असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी मधोमध तरंगते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास. तेवढ्याने मुंग्याच येतात, कारण करंट फार कमी असतो. पण त्याच सप्लायमध्ये उद्या आतली वायर बॉडीला टेकली तर पूर्ण २३० व्होल्ट त्याच स्क्रूवर असतील, आणि समोर लहान मूल असेल.

मी टू-पिन प्लग लावला होता, कारण एक्स्टेन्शन बोर्डात तोच बसत होता. तुम्ही तसं करू नका. थ्री-पिन प्लग, सप्लायच्या अर्थ टर्मिनलला हिरवी वायर, आणि तिथून कॉइन डोअर, कंट्रोल पॅनेलचा पत्रा, मॉनिटरची फ्रेम, सगळ्यांना जोड. सॉकेटमध्ये तिसरं भोक आहे म्हणून अर्थ आहे असं नसतं. जुन्या चाळी-वाड्यांत ते अनेकदा नुसतंच असतं. वायरमनकडून तपासून घ्या आणि त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही बघायला सांगा.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे जामा नाही, पण दुखणं तेच. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसत असेल तर पायला मिळणारं व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातंय. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ३ ला २.५ अँपिअर. ड्रॉवरमधला जुना मोबाईल चार्जर आणि दोन मीटरची बारीक केबल लावली तर चार्जर दिवसरात्र पूर्ण ताकदीने पळतो, तापतो आणि जातो. फास्ट चार्जर लावून फायदा नाही. तो वाढीव व्होल्टेज मोबाईलशी बोलणी झाल्यावरच देतो, पायला साधे ५ च मिळतात. जॉयस्टिकचे दिवे आणि स्पीकर पायच्या यूएसबीवरून काढा आणि छोटी जाड केबल वापरा.

नवीन सप्लाय लावताना

कारण सापडल्यावरच घ्या. सगळ्या लोडची बेरीज करा आणि प्रत्येक आउटपुटवर ती लेबलच्या तीन चतुर्थांशाच्या आत राहील असा निवडा. कॉम्प्युटरचा एटीएक्स सप्लायही चालतो, पण नव्या एटीएक्समध्ये मायनस ५ व्होल्ट नसतात, त्यामुळे काही जुन्या बोर्डांचा आवाज येणार नाही. अडॅप्टर घेताना बीआयएसचं चिन्ह आणि त्याखालचा नोंदणी क्रमांक बघा.

लावल्यावर पहिल्या दिवशी कॅबिनेटच्या दाराच्या आतून मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. त्यावर तारीख, सप्लायवरचे व्होल्ट, बोर्डावरचे व्होल्ट आणि १२ व्होल्टचं रीडिंग लिहा. महिन्याने परत मोजा. सप्लाय आणि बोर्ड यांच्यातला फरक वाढत असेल तर कनेक्टर बिघडतोय, दोन्ही एकदम खाली येत असतील तर सप्लाय थकतोय. माझ्या टेपवर पहिल्या दिवशी ५.११ आणि ५.०३ होते, १२ च्या जागी १२.१. परवा मोजले तेव्हा ५.११ आणि ५.०२.